मेघनाची साक्ष

मेघनाचं तोंड वाकडं झालं तेव्हा तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. कळस गावी सकाळी चुलीपुढं बसून ती चहा पीत होती. चहा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळला, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही. आई, प्रयागबाई, समोरच बसली होती. तिच्या हातातली भाकरी तव्यावर आपटली.

"आगं, तोंडाला काय झालं तुझ्या?"

आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा तिचा होता आणि अर्धा कुणाचा तरी. डावा डोळा मिटेना. हसायला गेलं की तोंड उजवीकडं ओढलं जायचं. वडील, बुद्धघोष मखरे, झेडपीच्या शाळेत गुरुजी. घाबरणारा माणूस नव्हे, पण त्या दिवशी त्यांनी शर्टाची बटणं खालीवर लावली आणि तसेच मुलीला घेऊन बारामतीला डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हा अर्धांगवायू नव्हे, चेहऱ्याच्या नसेला सूज आली आहे. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "बहुतेकांचं बरं होतं. धीर धरा."

धीर धरायला हरकत नव्हती, पण पाहुणे यायचे होते. प्रयागबाईंनी चार घरी चौकशी केली. भवानीनगरला कारखान्याच्या वाटेवर कुणी सपकळतात्या आहेत, सुया टोचून बरं करतात, असं त्यांच्या कानावर आलं. गोळ्या चालू ठेवायच्या आणि सुयाही टोचून बघायच्या, असं घरात ठरलं.

बाजीराव सपकळ कारखान्यात बॉयलरवर नोकरीला होते. ऐन पन्नाशीत त्यांची कंबर धरली, वाकता येईना. कुणाच्या तरी ओळखीनं ते मुंबईला एका ॲक्युपंक्चरच्या डॉक्टरांकडं गेले, तिथं त्यांना आराम पडला, आणि हा गडी बरा होऊन घरी यायच्या ऐवजी त्या डॉक्टरांच्या पायाशी बसला. सुट्टी मिळाली की मुंबई. असं करत करत शिकला. निवृत्त झाल्यावर उसाच्या कडेला पत्र्याची एक खोली बांधली, त्यात दोन खाटा टाकल्या. भिंतीवर माणसाच्या अंगाचं मोठं चित्र, त्यावर रेघा आणि ठिपके, शेजारी चिनी अक्षरं. ती अक्षरं तात्यांना वाचता येत नव्हती, पण कुठल्या ठिपक्यावर काय, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे.

"भ्यायचं न्हाय," वडिलांबरोबर आलेल्या मेघनाला ते म्हणाले. "मुंगी चावल्यागत वाटंल, मग जड वाटंल. जड वाटलं की सांगायचं. न्हाय वाटलं तरी सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून व्हय म्हणायचं न्हाय."

पाहुणे येईपर्यंत तिचा चेहरा पुष्कळसा जाग्यावर आला होता. तरीही तिनं मुलाला, सौरभ लोंढेला, चहाचा कप देता देता सगळं सांगून टाकलं. माझं तोंड वाकडं झालं होतं, पुन्हा होणार नाही असं कुणी सांगू शकत नाही, असंही सांगितलं. सौरभ बारामती एमआयडीसीत दूध प्रकल्पात नोकरीला होता. तो म्हणाला, "झालं तर पुन्हा भवानीनगरला जाऊ. मोटारसायकल आहे माझ्याकडं." एवढ्यावर लग्न ठरलं.

गोळ्यांनी बरं झालं, सुयांनी झालं, की जे आपोआप व्हायचं होतं ते झालं, हे मेघनाला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. कुणी विचारलं तर ती तसंच सांगते. पण त्या खोलीत एक गोष्ट झाली होती. तिच्याकडं सगळे दयेनं बघत होते त्या दिवसांत एक म्हातारा रोज तिला विचारत होता, की आज काय वाटतंय, कालच्यापेक्षा काय वेगळं वाटतंय, आणि उत्तर नीट ऐकून घेत होता. लग्नानंतर वर्षभरानं ती तात्यांपुढं जाऊन उभी राहिली.

"तात्या, मला शिकवा."

तात्यांनी तिच्याकडं वरून खाली पाहिलं. "लई टाइम लागतोय ह्याला. संसार सांभाळून जमंल?"

"जमवते."

"मग आत ये. चपला बाहेर."

बारामतीहून एसटीनं ती भवानीनगरला जायची. पहिल्या दिवशी दुपारी जेवणाची वेळ झाली तेव्हा ती आपला डबा घेऊन बाहेर लिंबाखाली निघाली होती. खाटेवरच्या दोन बायका एकमेकींकडं बघत होत्या; कळसचे मखरे म्हणजे कोण, हे त्यांना ठाऊक होतं. तात्यांची बायको भागुबाई आतून म्हणाली, "कुठं निघाली गं? हितं बस." आणि तिनं आपल्या शेजारी पाट मांडला. त्या बायका त्यानंतर उपचाराला आल्या की नाहीत, याची तात्यांनी कधी चौकशी केली नाही. मेघना मात्र तो पाट विसरली नाही.

चार वर्षं ती शिकली. पुण्यात जाऊन पदविकेचा अभ्यासक्रम पुरा केला. मग एमआयडीसीजवळ घराच्याच पुढच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. पाळ्या करून मान आखडलेले कामगार, दिवसभर उभं राहून पाय भरून आलेल्या बायका, डोकेदुखीनं बेजार झालेली कॉलेजची पोरं, अशी माणसं यायची. काम बरं चाललं होतं, फक्त एक सल होता. आपण कोण, हे तिला सांगता येत नव्हतं. मुलगी झाली, तिला शाळेत घालताना तिथल्या बाईंनी विचारलं, "आई काय करते?" मेघना म्हणाली, "ॲक्युपंक्चर." बाई म्हणाल्या, "म्हणजे नर्स?" नाही म्हटल्यावर बाईंनी 'गृहिणी' लिहून टाकलं. त्याच सुमाराला इंदापूरच्या बाजारात एकजण दोन दिवसांचं शिबिर करून आला आणि 'सर्व रोगांवर हमखास इलाज' अशी पाटी लावून बसला. लोकांच्या लेखी तो आणि मेघना एकच.

त्यामुळं राज्यात ॲक्युपंक्चरचा कायदा झाला, परिषद स्थापन झाली, हे कळलं तेव्हा तिला मनापासून आनंद झाला. आता नोंदणी केल्याशिवाय कुणाला हे काम करता येणार नव्हतं. काय शिकलात, कुठं शिकलात, हे दाखवावं लागणार होतं. आणि कुणाची तक्रार आली तर तिची चौकशी करणारं कुणीतरी असणार होतं. मेघनानं अर्ज केला आणि नोंदणी हातात येईपर्यंत आपली खोली बंद ठेवली. दारात येणारी माणसं चिडायची.

"आवो ताई, तुमाला काय झालंय? काल चालत हुतं, आज न्हाय का?"

"पुन्हा चालेल," ती म्हणायची, "पण थोडं थांबा. तुम्ही ड्रायव्हरला लायसन विचारता ना?"

नोंदणी झाली. ते प्रमाणपत्र सौरभनं स्वतः फ्रेम करून आणलं आणि दारासमोर लावलं. पहिले चार दिवस मेघना येता-जाता त्याच्याकडं बघायची.

मग ती तात्यांच्या मागं लागली. जुन्या माणसांना अनुभवाच्या जोरावर नोंदणी करायची सोय होती, पण तात्या काही दाद देईनात.

"माझी नोंदणी हितल्या लोकांच्या पाठीत झालीया," ते म्हणाले. "त्या मुंबईच्या सायबांनी मला काय सांगायचं?"

"तात्या, उद्या कुणी येऊन तुमची खोली बंद केली तर?"

"कोण करतंय बघू."

"आणि तो इंदापूरचा? त्याला कोण आडवणार? तुम्हीच बाहेर राहिला तर त्याला बाहेर कसं काढायचं?"

हे मात्र तात्यांना लागू पडलं. त्या इंदापूरवाल्याचं नाव काढलं की त्यांचं डोकं उठायचं. "बरं, भर तुझा फारम," ते म्हणाले. मेघनानं सगळी कागदपत्रं गोळा केली, मुंबईच्या त्या जुन्या डॉक्टरांच्या मुलाकडून दाखला आणला, आणि तात्यांची नोंदणी करून दिली.

त्या वेळी ती त्यांच्यासाठी एकदाच वापरून टाकायच्या सुयांचा एक मोठा खोका घेऊन गेली होती. प्रत्येक सुई वेगळ्या कागदात बंद. नोंदणी झालेल्यानं अशाच सुया वापरायच्या, असं तिनं समजावून सांगितलं. तात्यांनी एक सुई काढून बोटांत फिरवली. "केसागत हाय," ते म्हणाले. "हाताला कळत न्हाय." काही महिन्यांनी ती पुन्हा गेली तेव्हा खोका कोपऱ्यात तसाच होता, आणि स्टोव्हवर इनॅमलच्या भांड्यात तात्यांच्या जुन्या जाड सुया उकळत होत्या. मेघना बोलायला गेली. तात्या म्हणाले, "उकळतोय न्हवं का? आनी काय करू, गंगेत धुऊ?" भागुबाई हसली, चहा आला, विषय तिथंच राहिला.

ऊस तोडणीचे दिवस होते, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या. अशा एका सकाळी राजेश्वरी नावाची मुलगी आपल्या आईला रिक्षात घालून मेघनाच्या दारात आली. राजेश्वरी एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होती, मानेसाठी मेघनाकडं येऊन गेलेली. आईचं नाव सारजा. सारजाबाईंना रिक्षातून उतरता येत नव्हतं.

"गुडघा दुखत हुता म्हणून सुया टोचून घेतल्या भवानीनगरला," राजेश्वरी म्हणाली. "आता बघा."

मेघनानं लुगडं वर सरकवलं. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता, लाल, चकाकणारा. हात लावायच्या आधीच त्याची ऊब जाणवत होती. सारजाबाईंच्या अंगात सणसणीत ताप. जिथं सुई टोचलेली तिथं पिवळट ठिपका.

"ताई, तुमी दोन सुया टोचा, सूज उतरंल," सारजाबाई कण्हत म्हणाल्या.

"मावशी, ह्याला सुया नाही चालायच्या. आत्ताच्या आत्ता सर्जनकडं जायचं." तिनं खोलीला कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर त्याच रिक्षात बसली. दवाखान्यात गुडघ्यातून पू काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांधा गेला असता. सारजाबाई बरेच दिवस तिथं पडून होत्या. त्या वाचल्या, पाय वाचला, पण नंतर चालताना तो पाय किंचित ओढल्यासारखा पडायला लागला तो कायमचाच.

राजेश्वरीनं परिषदेकडं तक्रार केली. तात्यांना नोटीस आली. आणि सारजाबाईंना त्या अवस्थेत पहिल्यांदा पाहणारी नोंदणीकृत व्यक्ती म्हणून मेघनालाही सुनावणीला बोलावणं आलं.

ज्या दिवशी ते आलं त्या दिवशी तिच्या हातून काही काम झालं नाही. संध्याकाळी भागुबाईचा फोन आला. एरवी फोनवर ओरडून बोलणारी भागुबाई हळू बोलत होती.

"मेघना, तुला बी बोलावलंय म्हणं."

"हो काकू."

"तात्या काय खात न्हाईत बग दोन दिस. तू बरं सांगशील न्हवं? तुला तर ठाव हाय, कुणाचं वाईट कराय जायचा सोभाव न्हाय त्यांचा."

"नाही काकू. स्वभाव नाहीच त्यांचा."

"मग झालं तर."

सौरभ कामावरून आला, त्याला तिनं सांगितलं. तो म्हणाला, "तू गुडघा पाहिलास तेवढं सांग. सुया कुठल्या होत्या ते तुला काय माहीत? तू तिथं नव्हतीस." हे खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं, आणि ते दोघांनाही कळत होतं.

रविवारी ती कळसला गेली. बुद्धघोष गुरुजी आता थकले होते, पण पेपर अजून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे. तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तात्यांनी तुला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं. "मी शेजारीच उभा होतो. मला बरं वाटावं म्हणून व्हय म्हणू नकोस, असंच ना?"

"पण अप्पा, लोक काय म्हणतील? तात्यांनी शिकवलं आणि हिनं..."

"म्हणतील. आपल्याला आणखी चार गोष्टी जोडून म्हणतील." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "ती सारजाबाई कुणाची आहे गं?"

"कुणाची म्हणजे?"

"तिच्या बाजूनं कोण बोलणार आहे, असं विचारतोय मी."

सुनावणीच्या दिवशी पहाटे ती बारामतीच्या स्टँडवर मुंबईच्या गाडीत चढली. पुढच्या सीटवर पांढरा फेटा दिसला. तात्याच होते, एकटे. तिनं जवळ जाऊन वाकून नमस्कार केला. तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तूच मला त्या परिषदेच्या दावणीला बांधलं."

"हो तात्या."

"बस मग मागं."

ती मागं बसली. पुण्यात गाडी थांबली तेव्हा तिनं दोन चहा घेतले आणि एक त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला आणि खिडकीकडं तोंड करून प्यायला. घाटात वळणं सुरू झाली तेव्हा म्हाताऱ्यानं डोळे मिटून मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठा दाबून धरला. मळमळीला तिथं दाबायचं असतं. मेघनालाही तो बिंदू त्यांनीच शिकवला होता.

परिषदेच्या कार्यालयात एका लांब टेबलामागं तीन जण बसले होते. मधे एक पिकल्या केसांच्या बाई, त्या समितीच्या प्रमुख. एका बाजूला राजेश्वरी आणि सारजाबाई, दुसऱ्या बाजूला तात्या, फेटा मांडीवर काढून ठेवलेला. तात्यांना बिनफेट्याचं मेघनानं कधी पाहिलं नव्हतं.

तिला गुडघ्याबद्दल विचारलं, तिनं पाहिलं तसं सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "तुम्ही सपकळ यांच्याकडे शिकलात?"

"हो. मला जे येतं त्यातलं निम्मं त्यांचं आहे."

"ते सुया पुन्हा वापरतात का, तुम्हाला माहीत आहे?"

मेघनाला समोर तात्या दिसत होते आणि त्यांच्या पलीकडं सारजाबाई, एक पाय लांब करून बसलेल्या. सौरभनं दिलेलं उत्तर जिभेवर तयार होतं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "वापरतात. उकळून वापरतात. मी नव्या सुया नेऊन दिल्या होत्या, त्या पडून होत्या. मी ते पाहिलं आणि चहा पिऊन घरी आले. मी तेव्हाच हट्ट धरायला हवा होता."

बाईंनी तात्यांकडं पाहिलं. "हे खरं आहे?"

तात्या उठून उभे राहिले. "पोरगी खोटं बोलत न्हाय," ते म्हणाले. "मी वापरतो. पर उकळून वापरतो. इतकी वर्सं झाली, कुणाला काय बी झालं न्हाय."

"झालं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या, "की तुमच्यापर्यंत आलं नाही?"

तात्यांच्या कपाळावर आठी पडली. एखाद्या रोग्याचं दुखणं नेमकं कुठं आहे हे शोधताना पडायची, तशीच. एकदा येऊन पुन्हा न आलेली माणसं प्रत्येकाकडं असतात. बरी झाली असतील म्हणून येत नसतील, असंच धरून चालायचं असतं. मग तात्या म्हणाले, "ते मला सांगता यायचं न्हाय, बाई," आणि खाली बसले.

निकाल काही दिवसांनी आला. तात्यांची नोंदणी काही महिन्यांपुरती थांबवली होती. त्या काळात त्यांनी जंतुसंसर्ग टाळण्याचं प्रशिक्षण पुरं करायचं, खोली नीट करायची, मग परिषदेची माणसं येऊन पाहणार आणि ठरवणार. उसाकडेच्या खोलीला कुलूप लागलं.

पुढचे दिवस मेघनाला जड गेले. भवानीनगरहून येणारी माणसं एकदम बंद झाली. एमआयडीसीतल्या ओळखीच्या बायका रस्त्यात दिसल्या तर मोबाइलमध्ये बघायच्या. "म्हाताऱ्याच्या पोटावर पाय दिला," असं कुणी म्हणालं. अप्पा म्हणाले होते तशा आणखी चार गोष्टी जोडूनही म्हणाले, त्या सौरभनं तिला सांगितल्या नाहीत, पण तिच्या कानावर आल्याच. सगळ्यात वाईट म्हणजे भागुबाईनं फोन उचलणं सोडलं. मेघना रोज सकाळी खोली झाडायची, चादरी बदलायची, आणि रिकाम्या खाटेशेजारी बसून पुस्तक वाचायची.

मग एके दिवशी राजेश्वरी आली. कामाच्या पाळीवरून थेट आली होती, डोक्यावर जाळीची टोपी तशीच.

"ताई, काल ते आले हुते आमच्या घरी."

"कोण?"

"सपकळतात्या. एकटेच. मला बघून उंबऱ्यातच थांबले. मी तर बोलणारच नव्हते. पण आई म्हणाली, येऊ दे आत."

तात्या आत येऊन जमिनीवर बसले होते. मग सारजाबाईंना म्हणाले, "पाय दावा." त्यांनी गुडघा पाहिला, वण पाहिला, चालून दाखवायला सांगितलं. आणि म्हणाले, "हे माझ्या हातानं झालंय. चूक माझी हाय. मला वाटलं, मी करतो ते बराबरच आसतंय."

"आई काय म्हणाली?"

"आई म्हणाली, तुमच्याकडं मी पुन्यांदा यायची न्हाय. ते म्हणाले, येऊ बी नका. मग आईनं त्यांना चहा दिला." राजेश्वरीनं टोपी काढली आणि हसली, पण तिचे डोळे भरले होते. "जाताना मला विचारत हुते, तक्रार कुठं करायची ते तुला कसं कळलं म्हणून."

प्रशिक्षण पुण्यात होतं. मेघनाचं नावही त्यात होतं, कारण दर काही वर्षांनी उजळणी सगळ्यांनाच करावी लागते. तिनं धीर करून तात्यांना फोन लावला. फोन भागुबाईनं उचलला. ती म्हणाली, "त्यांना पुण्यात येकलं सोडू नगं. रस्ता वलांडताना बगत न्हाईत."

या वेळी गाडीत दोघं शेजारी बसले. तात्या सबंध रस्ता कुरकुरत होते. ह्या वयात शाळा, काय म्हणावं ह्याला! शिकवणारी मुलगी त्यांच्या नातीएवढी होती. हात कसे धुवायचे, वापरलेल्या सुया कशात टाकायच्या, कातडी कशी पुसायची, हे ती दाखवत होती. तात्या पहिल्याच बाकावर बसले आणि त्यांनी तिला प्रश्न विचारून विचारून बेजार केलं. उकळून नेमकं काय मरत नाही? का मरत नाही? डोळ्याला दिसत न्हाय तर तुमाला कसं कळलं? पोरीनं चिडायच्या ऐवजी सूक्ष्मदर्शक आणवला आणि त्यांना त्यातून बघायला लावलं. तात्या एक डोळा मिटून वाकले. खूप वेळ सरळच होईनात. मागं रांग लागली.

"चला तात्या," मेघना म्हणाली.

"थांब की," ते म्हणाले. "हलतंय गं हे."

पावसाळा सरता सरता परिषदेची माणसं भवानीनगरला येऊन गेली. पत्र्याच्या खोलीत आता फरशी होती, हात धुवायला बेसिन, आणि वापरलेल्या सुयांसाठी झाकणाचा डबा. तात्यांची नोंदणी पुन्हा चालू झाली. पहिल्यासारखी गर्दी काही झाली नाही. पातळ सुयांवर त्यांचा हात बसायला वेळ लागला. कधी कधी ते अजून म्हणतात, की हाताला कळत नाही. सारजाबाई त्यांच्याकडं कधीच गेल्या नाहीत. खांदा धरला तेव्हा त्या मेघनाकडं आल्या, आणि आधी सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडून घेतलं. मेघनानं ते आनंदानं फोडलं. आता तिच्याकडं येणारी पुष्कळ माणसं असं करतात. रिकामी खाट हळूहळू भरली, भवानीनगरची माणसंही यायला लागली, आणि त्यातल्या दोघा-तिघांना तात्यांनीच धाडलं होतं.

बारामती आणि इंदापूर तालुक्यातले नोंदणी झालेले लोक आता महिन्यातून एकदा मेघनाच्या खोलीत जमतात. कुणाला अवघड रोगी आला असेल तर विचारायचं, परिषदेकडून काही नवं आलं असेल तर वाचायचं, असा बेत. परवाच्या बैठकीत तात्या उशिरा आले आणि आल्या आल्या म्हणाले, "मला एक बोलायचंय. तक्रार कुठं करायची, तो पत्ता आन् फोन आपल्या समद्यांच्या भिंतीवर पायजे. मोठ्या अक्षरात. मराठीत."

इंदापूरहून आलेली सोनम नावाची नवी मुलगी चाचरत म्हणाली, "तात्या, आपणच आपल्या विरोधात पत्ता लावायचा?"

"मग? ती राजेश्वरी आठवडाभर ह्या हापिसातून त्या हापिसात फिरत हुती. कुणालाच ठाव न्हाय, सुयावाल्याची तक्रार कुठं करायची. माझ्या खोलीत उभं राहून तो पत्ता वाचता आला आसता, तर पोरीला यवढं फिरावं लागलं आसतं का?"

दोघं-तिघं कुरकुरले. रोगी घाबरतील, उगाच कुणीही उठून फोन करेल, असं म्हणाले. तात्या ऐकून घेत होते. मग त्यांनी मेघनाकडं पाहिलं.

"तू बोल की."

मेघना उठली, कपाटातून टेप काढला आणि दारासमोरच्या भिंतीपाशी गेली. प्रमाणपत्राच्या शेजारी जागा होती.

"एवढी पाटी मावेल इथं," ती म्हणाली. "सोनम, तू दुसरं टोक धर गं."

"आजून मोठी पायजे," तात्या मागून म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला दिसाय नगं?"

मेघनानं टेप आणखी ओढला.